एकच अमिनो आम्ल बदललं, तर एवढं काय बिघडतं?

प्रश्न : मॅडम, सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी फक्त सहावं बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, असं आम्ही शिकलो. बाकीची 145 जशीच्या तशी. मग त्या एकामुळे हिमोग्लोबिनचा रेणू कोयत्यासारखा वाकडा कसा होतो? त्याला ऑक्सिजन धरता येत नाही का?
– बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी प्रश्नातच दुरुस्ती करते, रागावू नकोस. वाकडी होते ती लाल पेशी, रेणू नव्हे. सिकल हिमोग्लोबिनचा सुटा रेणू निरोगी रेणूशेजारी ठेवला, तर घडण जवळजवळ तीच: दोन अल्फा, दोन बीटा साखळ्या, प्रत्येकीत एक हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा लोहाचा भाग. ऑक्सिजनही तो धरतो आणि सोडतो. वर्गात हे कितीही वेळा सांगितलं, तरी परीक्षेच्या पेपरात ‘रेणू कोयत्याच्या आकाराचा होतो’ हे वाक्य हमखास सापडतं.

थोडा दोष चित्रांचाही आहे. हिमोग्लोबिनसारखं प्रथिन, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, म्हटलं की रंगीत फितीची वेटोळी, अशी आपल्या डोळ्यांना सवय झाली आहे. त्या फितीत अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या (प्रत्येक अमिनो आम्लाचा मुख्य साखळीबाहेर डोकावणारा, वेगवेगळा असणारा भाग) दिसतच नाहीत, आणि इथे सगळा खेळ त्यांचाच आहे. सहावं अमिनो आम्ल रेणूच्या पोटात नसतं. ते पृष्ठभागावर, पाण्याकडे तोंड करून असतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्यामुळे पाण्यात ते सुखाने राहतं. व्हॅलिनवर भार नाही आणि पाण्याशी त्याचं जमत नाही. (भारातला हा फरक लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्येच पकडला होता: विद्युत क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिनं वेगळी सरकली. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने दोन्हींचे तुकडे केले, कागदावर पसरवले, आणि एकच ठिपका जागा सोडून आलेला दिसला. मला हा प्रयोग फार आवडतो.)

तरीही ऑक्सिजन धरलेला असेपर्यंत फारसं काही होत नाही. तो सोडला की हिमोग्लोबिनच्या साखळ्या एकमेकींच्या तुलनेत किंचित फिरतात, हे निरोगी माणसातही होतं, आणि बीटा साखळीवर 85वं फेनिलअलानिन व 88वं ल्युसिन यांच्यापाशी एक जलविरोधी, म्हणजे पाणी टाळणारी, खाच उघडी पडते. एका रेणूचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या त्या खाचेत चपखल बसतं. लाल पेशीत हिमोग्लोबिन लिटरमागे 330 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेजारी शोधायला जावं लागत नाही. रेणूला रेणू चिकटत 14 पदरी, पीळदार, ताठ तंतू बनतात आणि पेशीला आतून ताणतात. म्हणून ती वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पुन्हा ऑक्सिजन मिळाला की तंतू विरघळतात. पण हे वारंवार घडलं की पेशीचं आवरणच कायमचं वाकडं राहतं. तंतू किती लवकर बनतील हे हिमोग्लोबिनच्या दाटीवर फार अवलंबून असतं. पेशीतलं पाणी थोडं कमी झालं तरी वेग भलताच वाढतो, म्हणून रुग्णांना भरपूर पाणी प्यायला सांगतात.

‘बदल झाला म्हणून आजार’ असं मात्र पाठ करू नकोस. याच सहाव्या जागी लायसिन आलं, तर हिमोग्लोबिन सी तयार होतं. ऋण भार जाऊन थेट धन भार! कागदावर ही व्हॅलिनपेक्षा मोठी उलथापालथ. पण लायसिन पाण्यात रमतं, त्या खाचेत जाऊन बसत नाही. आई-वडील दोघांकडून तेच जनुक आलं, तरी त्रास सिकलसेलपेक्षा पुष्कळ सौम्य असतो.

गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये तर बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि ते या तंतूंत सामील होत नाही. सिकलसेलच्या बाळाला पहिले काही महिने त्रास जाणवत नाही, तो यामुळेच. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन वाढवतं. ब्रिटन आणि अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालेला क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राचा उपचारही सहाव्या जागेला हात लावत नाही. गॅमा साखळी बनू न देणारा अडसर तेवढा तो काढतो.