ग्रेड केलेल्या कॉमिकचा फक्त होल्डर बदलायला दिला होता. कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त पैसे लावले तर काय करता येतं?

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही टेक्ससमध्ये राहता. ग्रेड केलेले, म्हणजे कंपनीने अवस्था तपासून दहापैकी आकडा दिलेले आणि होल्डर या प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेले तीन अंक नुसता होल्डर बदलून घ्यायला पाठवलेत. दरपत्रक बघून जो हिशेब केला होता, त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम क्रेडिट कार्डावर लागली. एका अंकाला ‘होल्डर फुटका आला, म्हणून नव्याने ग्रेडिंग’ असं कारण दिलंय आणि दुसऱ्याला ‘बाजारमूल्य जास्त, म्हणून वरच्या श्रेणीचा दर’. तिसऱ्याबद्दल तक्रार नाही. अंक अजून कंपनीकडेच आहेत आणि तुम्ही विचारताय, की बँकेला सांगून पैसे अडवू का?

आज अडवू नका. माल त्यांच्या ताब्यात आहे. बहुतेक ग्रेडिंग कंपन्यांच्या अटींत पैसे चुकते होईपर्यंत वस्तू अडकवून ठेवायचा हक्क लिहिलेला असतो. बँकेने रक्कम मागे खेचली की कंपनीच्या लेखी तुम्ही थकबाकीदार ठरता आणि तीनही स्लॅब, म्हणजे पेटीबंद अंक, तिथेच पडून राहतात, तक्रार नसलेला तिसराही. बँकेचा मार्ग तुमच्याकडे आहे, तो हातचा ठेवा. त्याच्या मुदतीबद्दल शेवटी लिहिते.

मी न्यू जर्सीत कॉमिक्सच्या एका दुकानाचा हिशेब सांभाळते. ग्राहकांचे अंक ग्रेडिंगला आणि स्लॅब रीहोल्डरला, म्हणजे होल्डर बदलायला, आमच्यामार्फत जातात, त्यामुळे अशी बिलं नेहमीच माझ्या टेबलावर येतात. ‘जादा शुल्क’ या एका नावाखाली तीन-चार अगदी वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीला उत्तर वेगळं द्यावं लागतं. सगळ्यांचं मिळून एकच रागाचं पत्र पाठवलं की कंपनी त्यातल्या सगळ्यात कमकुवत मुद्द्याला उत्तर देते आणि प्रकरण मिटवून टाकते. म्हणून आधी बिल ओळीओळीने मागा. परतीचं टपाल, विमा, दर फॉर्ममागे लागणारं हाताळणी शुल्क आणि खास चित्रांचं लेबल निवडलं असेल तर त्याचे पैसे, हे सगळं मूळ दराच्या बाहेर असतं. परतीचा विमा तुम्ही लिहिलेल्या किमतीवर ठरतो, त्यामुळे महागड्या अंकाला तो चांगलाच चढतो. यातलं काही निघालं तर त्यावर भांडू नका, ते फॉर्मवर लिहिलेलं असतं.

आता खरा वाद. फुटक्या होल्डरचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं शुल्कापेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं.

स्लॅबमध्ये दोन थर असतात. बाहेर कडक प्लास्टिकची पेटी आणि तिच्या आत पातळ पारदर्शक पाकीट, ज्यात अंक बंद केलेला असतो. बाहेरच्या पेटीचा कोपरा उडाला, ओरखडे पडले किंवा एखादी तड गेली, तरी आतलं पाकीट शाबूत असेल तर अंक बाहेर निघालेला नाही. रीहोल्डरची सेवा अशाच स्लॅबसाठी आहे. पेटी उघडली गेल्याची खूण असेल किंवा आतलं पाकीट फाटलं असेल, तर मात्र जुन्या ग्रेडची हमी संपली असं कंपनी म्हणते, आणि ते मला मान्य आहे.

मान्य का, ते सांगते. फ्लोरिडातल्या सॅरासोटाची सीजीसी २००० पासून कॉमिक्स ग्रेड करते आहे आणि या धंद्याचे बरेचसे रिवाज तिच्याकडूनच आले. २०२३ च्या अखेरीस तिच्या रीहोल्डर सेवेतला एक मोठा गैरप्रकार उघडकीला आला. कोणीतरी उच्च ग्रेडचे स्लॅब उघडून चांगला अंक काढून घेत होतं, त्या जागी हलक्या दर्जाचा अंक घालत होतं आणि पेटी खराब झाल्याचं सांगून तो स्लॅब रीहोल्डरला पाठवत होतं. बाहेर पडताना हलका अंक नव्या कोऱ्या पेटीत, जुन्या उच्च ग्रेडसकट, बाहेर पडत होता. संग्राहकांनीच हे पकडलं, जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी ठेवून. त्यात मार्व्हलच्या हल्क मालिकेचा १८१ वा अंकही होता, म्हणजे १९७४ चा, ज्यात वुल्व्हरिन या पात्राचं पहिलं पूर्ण दर्शन होतं. त्या काळी मार्व्हलच्या अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक छोटा स्टॅम्प छापलेला असायचा आणि मुलं तो कापून चिकटवहीत लावायची. तो कापलेला असला की अंकाची किंमत कोसळते. असा कापलेला अंक उच्च ग्रेडच्या पेटीत जाऊन बसला होता. कंपनीने नंतर संशयित अंकांची प्रमाणपत्र क्रमांकांसकट यादी जाहीर केली आणि प्रकरण कोर्टात नेलं.

हजारो डॉलर मोजून ज्याने असा स्लॅब घेतला, त्याचा विचार केला की रीहोल्डरला आलेला प्रत्येक स्लॅब नीट तपासलाच पाहिजे, यात मला शंका वाटत नाही. पण तपासणी ही कंपनीच्या स्वतःच्या शब्दाची किंमत राखण्यासाठी आहे. लेबलावरचा आकडा त्यांनीच दिला आणि त्या आकड्याचे पैसे मूळ मालकाने एकदा भरलेले आहेत. चष्म्याची फ्रेम बदलायला दिली आणि दुकानदाराने न विचारता डोळेही तपासून त्याची फी लावली, तर आपण ती देऊ का? तपासावंसं वाटलं तर जरूर तपासा, पण रीहोल्डरचं काम नव्या ग्रेडिंगमध्ये बदलायचं असेल तर आधी मालकाला विचारा. हा फोन किंवा ईमेल न करणं हाच माझ्या मते या सगळ्या वादातला अन्याय आहे, आणि तो मी गप्प बसून स्वीकारत नाही.

तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न पैशांचा नाहीच. नव्याने ग्रेडिंग झालं आहे की अजून व्हायचं आहे, हे आजच्या आज विचारा. व्हायचं असेल तर लेखी कळवा, की काम थांबवा, माझी संमती नाही, अंक आहे त्या अवस्थेत परत पाठवा, परतीचं टपाल मी देतो. कारण नव्या ग्रेडिंगमध्ये आकडा खाली येऊ शकतो. अंक पेटीत सैल असला तर प्रवासात हलून त्याच्या कडा आणि पिनांजवळचा भाग दुमडतो. संग्राहक याला ‘शेकन कॉमिक सिंड्रोम’ म्हणतात. ९.८ चा अंक ९.६ झाला तर शोधूनही न सापडणारा फरक असतो, पण मागणी असलेल्या अंकाच्या किमतीत तो जादा शुल्काच्या कितीतरी पट पडतो. पिवळं लेबल असेल, म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर झालेली सही असेल, तर आणखी सांभाळा. पेटी उघडली गेली असं एकदा नोंदलं गेलं की त्या साक्षीचा आधारच डळमळतो.

दुसरं, फोटो मागा. खोक्यातून बाहेर काढतानाचे, पेटीच्या चारही कडांचे, आतल्या पाकिटाचे. पाठवण्याआधीचे तुमच्याकडे असतील तर सोबत जोडा. तुमच्या फोटोत पेटी धड आणि त्यांच्या फोटोत फुटकी असेल, तर ती वाटेत फुटली आहे. मग दावा टपालाच्या विम्यावर करायचा. अमेरिकन टपाल खात्यात नुकसानीचा दावा पाठवल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत करावा लागतो आणि खोकं, आतलं भरणही दाखवावं लागतं. म्हणून कंपनीला आजच लिहा की पॅकिंग फेकू नका. खाजगी कुरिअरने पाठवलं असेल तर त्यांच्या अटी आधी वाचा, संग्रहाच्या वस्तूंवर भरपाईची मर्यादा असते.

आता बाजारमूल्याचं. ग्रेडिंगचे दर अंकाचं वय आणि किंमत यांवर श्रेणी करून लावतात. नवीन अंक ग्रेडिंगला देताना आकडा काय येईल हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हा निकालानंतर श्रेणी बदलणं समजू शकते. रीहोल्डरमध्ये ग्रेड आधीपासून लेबलावर छापलेला आहे. तो अंक त्या ग्रेडला कितीला जातो हे फॉर्म भरतानाच बघता येतं, तुम्हालाही आणि त्यांनाही. म्हणून नुसती पेटी बदलण्यासाठी किमतीवर चढणारा दर लावणं मला मुळातच पटत नाही. पेटी तीच, यंत्र तेच, मेहनत तीच. जोखीम वाढते म्हणाल, तर तिच्यासाठी विमा वेगळा घेतलेला असतो.

पण माझं मत तुमच्या कामाचं नाही, अटी कामाच्या आहेत. बाजारमूल्य ठरवायचा अंतिम अधिकार कंपनीने सहसा स्वतःकडे ठेवलेला असतो आणि फॉर्मवर सही करताना आपण तो मान्य केलेला असतो. त्यामुळे ‘तुम्हाला हक्कच नाही’ असं लिहू नका. असं विचारा, की कोणत्या विक्रीवरून आणि कोणत्या तारखेच्या किमतीवरून हे मूल्य काढलं? मग तुमची आकडेवारी द्या. हेरिटेज या लिलावगृहाचे जुने निकाल बघता येतात आणि जीपीअनॅलिसिस या संकेतस्थळावर ग्रेडनुसार झालेल्या विक्रीच्या नोंदी असतात. फॉर्म भरल्याच्या आसपासच्या नोंदी काढा, त्याच अंकाच्या आणि त्याच ग्रेडच्या. विक्रेत्यांनी लावलेल्या किमती जोडू नका, फक्त झालेली विक्री जोडा. एखाद्या पात्राचा सिनेमा जाहीर झाला की काही आठवडे भाव उसळतो, आणि मूल्य नेमकं त्याच एका लिलावावरून काढलं असेल तर तिथे तुमचं म्हणणं बळकट आहे. तुम्हीच फॉर्मवर किंमत कमी लिहिली असेल आणि नोंदी कंपनीच्या बाजूने असतील, तर हा मुद्दा सोडून द्या आणि सगळा जोर पहिल्यावर लावा.

एक अपवाद सगळ्यांच्या लक्षात असू द्या. दोष कंपनीचा असेल तर रीहोल्डरचे पैसे देऊच नका. लेबलावर अंकाचा क्रमांक चुकला, साल चुकलं, तर ठरावीक मुदतीत कळवल्यास ते फुकट दुरुस्त करून देतात. पेटीचंही तेच. सीजीसीने २०१६ मध्ये नवा होल्डर आणला तेव्हा त्यात प्लास्टिकचे थर एकमेकांना टेकून इंद्रधनुषी वलयं दिसायची. ओरड झाली आणि कंपनीला होल्डर सुधारावा लागला.

बँकेचा मार्ग असा आहे. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याप्रमाणे क्रेडिट कार्डावरच्या चुकीच्या रकमेबद्दल, ती ज्या स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवावं लागतं. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग चक्रांत, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निकाल लावायचा. तोवर वादातली रक्कम भरायची सक्ती नसते आणि तेवढ्या रकमेवरून तुम्हाला थकबाकीदार म्हणून नोंदवताही येत नाही. डेबिट कार्डाला हा कायदा लागू नाही. तक्रारीत पूर्ण बिल अडवू नका, संमती न घेता लावलेल्या ग्रेडिंगचीच रक्कम लिहा. सोबत फॉर्मची प्रत, त्या दिवशीच्या दरपत्रकाचा स्क्रीनशॉट आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडा. फॉर्मवर रीहोल्डरसमोर खूण आहे आणि मध्ये तुम्हाला विचारल्याचा एकही ईमेल नाही, हे बँकेला एका नजरेत दिसलं पाहिजे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आज काम थांबवण्याचा ईमेल, मग तपशीलवार बिल आणि फोटो, मग अंक घरी. त्यांनी पैसे भरल्याशिवाय अंक सोडायचे नाहीत असं ठरवलं, तर ‘हरकत नोंदवून भरतो आहे’ असं लेखी कळवून भरा, आणि स्लॅब हातात आल्यावर त्या ६० दिवसांच्या आत बँकेला कळवा. स्टेटमेंट कोणत्या तारखेचं आहे हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, ते मात्र सगळ्यात आधी बघा.