अंघोळ, जिने, ऑफिस आणि हार्ट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सासऱ्यांची बायपास होऊन तीन आठवडे झालेत, वय ६८. डॉक्टरांनी फिजिओसोबत ऑक्युपेशनल थेरपिस्टकडेही जायला सांगितलंय. फिजिओ चालायला लावतात, श्वासाचे व्यायाम घेतात, मग हे दुसरं कशाला? आणि घरी सासूबाई त्यांना पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाहीत, ते बरोबर आहे का?

उत्तर: आधी सासूबाईंचं बघू, कारण अर्धी अडचण तिथेच आहे. त्यांची भीती समजू शकते, पण ग्लास उचलल्याने काही होत नाही, उलट सगळं हातात मिळायला लागलं की माणूस आठवडाभरात स्वतःला कायमचा आजारी समजायला लागतो आणि मग त्याला खुर्चीतून उठवणं ऑपरेशनपेक्षा अवघड होऊन बसतं. एकेकाळी डॉक्टरही असंच करायचे, हार्ट अटॅक आला की सहा-सहा आठवडे पलंगावर. सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५२ मध्ये पेशंटना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवल्याचा अनुभव छापला, बसवल्याने पेशंटना अपाय झाल्याचं दिसलं नाही, आणि तिथून सक्तीची विश्रांती हळूहळू मागे पडली. घरांमधून मात्र ती अजून गेलेली नाही असं मला रोज दिसतं!

आता फरक काय ते. फिजिओ मुख्यतः ताकद, दम आणि चालणं बघतात, आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्याच ताकदीत तुमचा दिवस कसा बसवायचा ते बघतो. म्हणजे सासरे सकाळी उठल्यापासून कपडे घालून बाहेर येईपर्यंत नेमकं काय काय करतात, कुठे वाकतात, कुठे श्वास रोखतात, कुठे हात वर धरून ठेवतात, ते सगळं प्रत्यक्ष करून बघायचं आणि बदलायचं.

बायपासमध्ये बहुतेक वेळा छातीचं मधलं हाड कापून तारेने जोडलेलं असतं, ते जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. म्हणून पलंगावरून उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, त्यांच्या वजनाने धड आपोआप वर येतं. खुर्चीतून उठताना पुढे सरकायचं, पाय मागे घ्यायचे, हात मांडीवर ठेवून पायांच्या जोराने उठायचं. खुर्ची खोल आणि मऊ असेल तर हे जमणारच नाही, उंच आणि टणक खुर्ची द्या. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. वजन किती उचलायचं ते सर्जन सांगतील, बहुतेक जण सुरुवातीला २ ते ४ किलोच्या वर नको म्हणतात. अलीकडे आम्ही नुसतं "हे करू नका" अशी यादी देण्यापेक्षा कोपर बरगडीला चिकटवून काम करायला शिकवतो, कारण हात शरीराजवळ असला की हाडावर ताण कमी येतो आणि रोजची बरीच कामं तशी होतातही.

अंघोळ स्टुलावर बसून, पाणी कोमट, कारण कडक पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात, बीपी उतरतं आणि चक्कर येते. दाराला आतून कडी नको. शर्ट पुढून बटणाचा. मोजे घालताना खाली वाकू नका, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या.

अजून एक, कोणी विचारत नाही म्हणून सांगते. ऑपरेशननंतर काही जणांना विसरल्यासारखं होतं, बोलता बोलता धागा सुटतो, बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. तोवर गोळ्या वाराच्या खणांच्या डबीत भरून ठेवा पण डबी त्यांनाच भरू द्या, तुम्ही फक्त तपासा. छातीत हाड कटकट वाजतंय, जखमेतून पाणी येतंय किंवा ताप आला तर मात्र थेरपिस्टची वाट न बघता लगेच सर्जनकडे.

प्रश्न: मला हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलत नाही, पंपिंग ३० टक्के, वय ५४. बरं वाटतं त्या दिवशी साठलेलं सगळं काम उरकून घेते आणि मग दोन दिवस उठवत नाही. बसून काम केलं की घरच्यांना आळशीपणा वाटतो, खरं सांगायचं तर मलाही.

उत्तर: ताई, चांगल्या दिवशी सगळं उरकायचं हीच सवय तुम्हाला आडवी पाडतेय. शक्ती महिन्याच्या पगारासारखी धरा, पहिल्याच आठवड्यात उडवली की पुढे उधारी.

एक आठवडा वहीत लिहा, कुठलं काम, किती वेळ आणि किती दमलात. दमणं मोजायला बोर्ग स्केल वापरतात, ६ ते २० आकडे, ६ म्हणजे नुसतं बसलेलं आणि २० म्हणजे आता अजिबात शक्य नाही. तुमची कामं साधारण ११ ते १३ मध्ये राहिली पाहिजेत, तुमचा नेमका आकडा थेरपिस्ट ठरवतील. नाडी मोजून का नाही? कारण तुम्ही बहुतेक बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी, घेत असाल, त्याने नाडी दबलेली असते आणि ती तुम्हाला फसवते. साधी खूण म्हणजे काम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागलं तर वेग कमी करा.

कुठलं काम हृदयाला जड जातं याचा अंदाज आपला बऱ्याचदा चुकतो. सावकाश चालण्यापेक्षा हात खांद्याच्या वर धरून केलेलं काम जास्त दमवतं, म्हणजे वरच्या फळीवरचं सामान काढणं, पडदे लावणं, केस धुणं. श्वास रोखून ढकलणं-ओढणं तर सगळ्यात वाईट, बीपी एकदम चढतं, म्हणून जोर लावताना श्वास बाहेर सोडा. रोज लागणारं सामान कमरेच्या उंचीवर आणा, चिरणं-निवडणं बसून करा, जेवणानंतर तासभर जड काम नको. अंघोळ, कपडे धुणं आणि बाजार एकाच सकाळी कोंबू नका, दमायच्या आधी बसा, दमल्यावर नाही. घरच्यांना हे पत्र वाचायला द्या हवं तर.

आणि एक हट्ट माझा. काम कमी करायचं ठरलं की बायका आधी स्वतःची आवड सोडतात, बागकाम म्हणा, गाणं म्हणा, आणि झाडू मात्र हातात ठेवतात. झाडू सोडा.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. ३ दिवसांत २ किलोच्या वर वाढलं तर ते पाणी साठल्याचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न: एंजिओप्लास्टी झाली, वय ४५. गोदामात खोकी उचलायचं काम आहे. ट्रेडमिलवर चालवून केलेली स्ट्रेस टेस्ट ८ मेट आली. कामावर जाऊ का?

उत्तर: १ मेट म्हणजे शांत बसल्यावर शरीर वापरतं तेवढा ऑक्सिजन, किलोमागे मिनिटाला ३.५ मिली. खुर्चीतलं काम साधारण दीड मेट, मध्यम चालणं ३ ते साडेतीन, जड खोकी वाहणं ७ च्या आसपास किंवा वर. आठ तासांच्या कामाची सरासरी आपल्या कमाल ताकदीच्या ४० टक्क्यांच्या आत असावी असा ढोबळ नियम आहे, म्हणजे तुमची ३.२. त्यामुळे मधूनमधून खोकं उचलणं वेगळं आणि दिवसभर तेच करणं वेगळं, शिवाय उकाडा, रात्रपाळी, टार्गेटचं टेन्शन हे ट्रेडमिलवर दिसत नाही. थेरपिस्टकडे तुमच्याच कामाची नक्कल करून बघता येते, तेवढ्याच वजनाचं खोकं, तेवढीच उंची, सोबत बीपी आणि ईसीजी. त्यावरून मालकाला लिहून देता येतं की पहिले काही आठवडे अर्धा दिवस, ट्रॉली हवी, अमुक किलोच्या वर नको. कार्डिओलॉजिस्टची परवानगी लागेलच. घाबरून नोकरी सोडू नका, पण फुशारकी मारत पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीही नको.

प्रश्न: नाव छापू नका. अटॅकनंतर पती-पत्नी संबंध कधी?

उत्तर: छापत नाही, आणि लाजायचं काही नाही. यात साधारण ३ ते ५ मेट लागतात. दोन मजले न थांबता चढून छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर बहुतेकांना हरकत नसते, तरी डॉक्टरांना सरळ विचारा. भरपेट जेवल्यावर किंवा खूप दमल्यावर नको. छातीदुखीवरची जिभेखाली ठेवायची किंवा दुसरी कुठली नायट्रेटची गोळी चालू असेल तर व्हायाग्रासारखी गोळी अजिबात घेऊ नका, बीपी जीवघेणं उतरतं, आणि छातीत दुखून दवाखान्यात जायची वेळ आली तर अशी गोळी कधी घेतली होती ते तिथे न लपवता सांगा.