पंप आहेत हो, पण रात्री तीनला ते चालू कोण करतं?

गेल्या अंकात म्हटलं होतं की पावसाळा, नाले, पंप, महापालिकेची माणसं याबद्दल मनात जे असेल ते विचारा, तर पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून एवढं आलंय की सगळं घेणं शक्य नाही, पाच प्रश्न घेतोय. नवीन वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की मुंबईशेजारच्या एका महापालिकेत नाले आणि पावसाळी गटारं यातच माझी सगळी नोकरी गेली, कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि कार्यकारी अभियंता होऊन रिटायर झालो.

दादरहून एक काकू लिहितात: दरवर्षी मे महिन्यात पेपरात येतं, इतके पंप बसवले, इतका गाळ काढला. तरी हिंदमाताला पाणी भरतंच. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हेच बघतेय. मग हे पंप नक्की करतात काय?

काकू, तुमचा राग अगदी बरोबर आहे, पण आधी जागा समजून घेऊ. हिंदमाता म्हणजे बशीचा तळ, परळ-दादरच्या उंच बाजूंचं पाणी उतरून तिथेच येतं आणि तिथून जमिनीखालच्या वाहिन्यांतून पूर्वेला रे रोडकडे, ब्रिटानियाच्या पातमुखापर्यंत, म्हणजे गटाराचं पाणी समुद्रात पडतं त्या तोंडापर्यंत, जातं. मुंबईची जुनी गटारं इंग्रजांच्या काळातली, तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला तर तो वाहून न्यायचा, आणि तोही समुद्राला ओहोटी असताना, असा त्यांचा हिशोब. समुद्र भरतीला असला की पातमुखातून पाणी बाहेर जाणं सोडा, उलटं आत येतं, म्हणून दारं बंद करावी लागतात. दारं बंद म्हणजे शहरात पडलेला प्रत्येक थेंब शहरातच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी बारा-एकला मोठी भरती असते आणि नेमका तेव्हाच ढग फुटल्यासारखा पाऊस आला तर काय होतं ते तुम्ही दारातून बघितलंय.

ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवा असं सांगणारा मुंबईच्या पावसाळी गटारांवरचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ चा. तो बराच काळ पडून राहिला आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर कामाला खरा वेग आला. त्यातून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा मोठी पंपिंग स्टेशनं उभी राहिली, तिथला एकेक पंप सेकंदाला ६००० लिटर पाणी समुद्रात फेकतो. मोगरा आणि माहूल ही दोन मात्र जागेच्या भानगडीत वर्षानुवर्षं रखडली. तुमच्या हिंदमातासाठी अलीकडे प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्यात, भरती असेपर्यंत पाणी तिथे साठवायचं आणि नंतर सोडायचं. मला विचाराल तर हे चांगलं काम झालंय आणि पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं हे तुमच्या शेजारचे दुकानदारही सांगतील.

आता रस्त्यावर दिसणारे छोटे पंप. एक हेक्टर जागेवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ५ लाख लिटर पाणी झालं. ताशी अडीच लाख लिटर उपसणारा पंप धरला तर एका हेक्टरला दोन पंप लागले, ते पण तासभर एकही मिनिट बंद न पडता. आणि बंद पडायला कारणं किती! सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या, तोंडाला प्लास्टिकची पिशवी बसली की पंप नुसता आवाज करतो, डिझेल आणायला गेलेला माणूस पाण्यातच अडकतो, वर्षभर गोडाऊनला पडून बॅटरी उतरलेली असते, होजला, म्हणजे उपसलेलं पाणी दूर सोडणाऱ्या पाइपला, चीर गेलेली असते.

माझ्याच हाताखालची एक रात्र सांगतो. सखल भागात दोन पंप लावले होते, दोन्ही चालू, मी कंट्रोल रूमला बसून वरती रिपोर्ट दिला की पंप सुरू आहेत आणि चार तास पाणी एक इंचही उतरलं नाही. पहाटे आमचे मुकादम स्वतः पाण्यातून चालत होजच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले तेव्हा कळलं की ठेकेदाराच्या पोरांनी होज ज्या चेंबरमध्ये सोडला होता तो त्याच गटाराला जोडलेला होता, म्हणजे पाणी तिथल्या तिथे गोल फिरत होतं. पोरांची चूक म्हणणार नाही मी, ती दोन दिवसांपूर्वी कामाला आलेली, कुठलं चेंबर कुठे जातं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं आणि ते राहून गेलं याची आजही टोचणी लागते. मुकादमांना ते माहीत होतं कारण त्यांनी त्या भागात २६ वर्षं काढली होती, आणि ते रिटायर झाल्यावर त्यांच्या जागी कायमचा माणूस भरला गेला नाही. म्हणून काकू, पुढच्या मे महिन्यात पेपरात पंपांचा आकडा वाचाल तेव्हा नगरसेवकाला किंवा वॉर्डात एवढंच विचारा की आमच्या गल्लीतल्या पंपावर रात्रपाळीला कोण आहे, तो याआधी कधी इथे होता का, आणि पंप पाणी भरून तासभर चालवून बघितलाय का.

आणखी एक गोष्ट. आपली सगळी तयारी ३१ मे ही तारीख धरून होते. २०२५ ला मान्सून मुंबईत २६ मेलाच आला, नेहमीची तारीख ११ जून, आणि त्या दिवशी किती ठिकाणी तयारी कागदावरच होती ते सगळ्यांनी बघितलं. पाऊस आता आपलं कॅलेंडर बघून येत नाही तर नालेसफाईची आणि पंप बसवायची शेवटची तारीख आधीची करायलाच हवी, मी तर म्हणतो १५ मे.

कल्याणहून एक ताई: माझे मिस्टर ठेकेदाराकडे नालेसफाईला जातात. कधी कधी मॅनहोलमध्ये उतरायला लावतात, दोर नसतो, मास्क म्हणजे साधा कापडी. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी बोलवत नाहीत. काय करावं?

ताई, त्यांना आजच सांगा की उतरायचं नाही. कामावर बोलवलं नाही तरी चालेल पण उतरायचं नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्रमाण वाढलं की वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं हवा साफ झाली आणि पुढच्या श्वासाला तो कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तिसरा उतरतो, म्हणून एकाच मॅनहोलमध्ये तीन-तीन जणांचा जीव जातो. पावसाळी गटार आहे, मैल्याचं नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, कितीतरी ठिकाणी मैल्याच्या लाइनी चोरून पावसाळी गटारात सोडलेल्या आहेत, गॅस दोन्हीकडे सारखाच.

मैल्याच्या गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा कामात मृत्यू झाला तर घरच्यांना ३० लाख रुपये द्यावेत असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं, त्याआधी ही रक्कम १० लाख होती. पण ताई, तुम्हाला ते पैसे नकोत, माणूस हवाय. त्यामुळे कामगार युनियनला भेटा, एकटीने जाऊ नका, त्याच ठेकेदाराकडच्या दोन-चार जणांच्या बायकांना घेऊन जा, आणि लेखी अर्ज ठेकेदाराला न देता थेट महापालिकेला द्या, कारण काम ठेक्याने दिलं तरी पालिकेची जबाबदारी संपत नाही. जेटिंगच्या (जोराच्या पाण्याने गटार मोकळं करणाऱ्या) आणि सक्शनच्या (गाळ ओढून घेणाऱ्या) गाड्या याच कामासाठी घेतलेल्या असतात, गल्ली अरुंद आहे, गाडी जात नाही हे कारण नेहमी देतात, तर छोट्या गाड्याही मिळतात.

अंधेरीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी: पाणी साचलं की आमचा वॉचमन रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण उघडतो, पाणी झटकन जातं. पालिकेचा माणूस येऊन ओरडून गेला. यात काय चुकलं?

सेक्रेटरीसाहेब, कृपा करून हे बंद करा. २९ ऑगस्ट २०१७ ला एल्फिन्स्टन रोडजवळ असंच उघडं मॅनहोल पाण्याखाली दिसलं नाही आणि मुंबईतले एक नामवंत डॉक्टर त्यात पडून वाहून गेले, त्यांचा मृतदेह पुढे वरळीला सापडला. गुडघाभर गढूळ पाण्यात दोन फुटांचं भोक कुणालाच दिसत नाही. त्यानंतर झाकणाखाली लोखंडी जाळ्या बसवायला सुरुवात झाली पण शहरात लाखभर मॅनहोल आहेत, तुमच्या दारातल्याला जाळी आहे का ते कोरड्या दिवशी वॉर्डातून बघून घ्या. पाणी साचलं तर १९१६ ला फोन करा आणि नुसतं 'पाणी भरलंय' सांगू नका, कुठल्या दुकानासमोर, किती वाजल्यापासून आणि घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत ते सांगा, पलीकडच्या माणसाला त्यावरून ठरवता येतं की आधी गाडी कुठे पाठवायची.

पुण्याहून एक आजोबा, सिंहगड रोड: आमच्याकडे समुद्र नाही, भरती नाही, तरी जुलै २०२४ ला एकता नगरीत पहाटे घरात पाणी. ही तयारी कोणाची?

आजोबा, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं, म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. वर मी मुंबईतल्या सेकंदाला ६००० लिटरच्या पंपाचं कौतुक केलं, तसे १६० पंप लावले तरी हे पाणी आवरणार नाही. तुमच्याकडे यंत्र उपयोगाचं नाही, उपयोगाची आहे ती वेळेवर पोचलेली सूचना आणि नदीची मोकळी ठेवलेली जागा. धरण जलसंपदा खात्याचं, शहर महापालिकेचं, आणि या दोघांच्या मधे जी काही तासांची सूचना लोकांपर्यंत जायला हवी तिचं काय झालं हाच तुमचा खरा प्रश्न आहे. सूचना रात्री मोबाइलवर आली आणि माणसं झोपलेली होती तर ती सूचना दिली असं मी मानत नाही. भोंगा, लाउडस्पीकरची गाडी आणि दारं ठोठावणारे चार कर्मचारी हे सगळं जूनमध्येच ठरलेलं हवं, कुठल्या इमारतीत एकटे वृद्ध राहतात ती यादी सुद्धा. ती यादी वॉर्ड ऑफिसकडे नसेल तर तुमच्या सोसायटीने करून द्या, तुम्ही स्वतः पुढाकार घ्या असं मी हक्काने म्हणतो.

विदर्भातल्या एका नगरपरिषदेत नुकताच लागलेला कनिष्ठ अभियंता: सर, माझा पहिला पावसाळा आहे. माणसं कमी, एक जेसीबी, दोन पंप, त्यातला एक बंद. नकाशे सापडत नाहीत. कुठून सुरुवात करू?

बेटा, नकाशे सापडायची वाट बघू नकोस. तुझ्याकडे जो कोणी सगळ्यात जुना सफाई कामगार किंवा मुकादम असेल त्याच्याबरोबर रोज सकाळी सहाला चालायला सुरुवात कर, प्रत्येक चेंबरपाशी थांबून विचार की यातलं पाणी पुढे कुठे जातं, आणि घरी जाऊन वहीत रेघा मारून ठेव. पंधरा दिवसांत तुझा नकाशा तयार होईल आणि तो ऑफिसातल्या कुठल्याही नकाशापेक्षा खरा असेल. त्या मुकादमाला ती वही दाखव, तो चुका काढेल, राग मानू नकोस.

बंद पंप रिपेअरला आजच दे, जूनमध्ये मेकॅनिक मिळत नाही. चालू आहे तो पंप नुसता स्टार्ट करून बघू नकोस, तलावावर नेऊन तासभर पाण्यात चालव. गाळ काढला की काठावर ठेवायला देऊ नकोस, पहिल्याच सरीत तो परत नाल्यात जातो, ओला गाळ वजनाला जास्त भरतो म्हणून ठेकेदार तो तसाच उचलायला बघेल, तर बिल पास करताना मोजमाप नाल्याच्या खोलीवरूनही घे, काढण्याआधी आणि काढल्यावर, काठी टाकून, फोटोसकट. मिठी नदीच्या गाळाच्या बिलांवरून २०२५ ला मुंबईत गुन्हा दाखल झालाय, तेव्हा पहिल्याच वर्षी सही करायची घाई करू नकोस, कुणी कितीही दबाव आणला तरी.

माणसं कमी आहेत ती एकदम वाढणार नाहीत. आहेत त्यांना गमबूट, रेनकोट आणि रात्री गरम चहा मिळेल एवढी व्यवस्था तू स्वतः लावून दे. मी ज्या वर्षी हे केलं त्या वर्षी रात्रपाळीला दांडी मारणारे निम्मे झाले. आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री ऑफिसात बसू नकोस, टॉर्च घेऊन होजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहा.