पुस्तक छापून झालं, आता वाचकापर्यंत न्यायचं कसं?

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्या सीमाभागातल्या लेखकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांचे प्रश्न इतरांनाही पडत असतील, अशांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह मे महिन्यात निघाला. ३०० प्रती छापल्या. प्रकाशनाच्या दिवशी काही गेल्या, मग व्हॉट्सअॅपच्या सगळ्या ग्रुपवर मुखपृष्ठ टाकलं. अभिनंदनाचा पाऊस पडला, पण मागणी चौघांचीच आली. बाकी गठ्ठे माळ्यावर आहेत. — एक वाचक, खानापूर

मुखपृष्ठाखाली ‘माझं पुस्तक प्रकाशित झालं’ एवढंच लिहिलं असेल, तर माणूस अभिनंदनच करणार. किंमत किती, पैसे कुठे द्यायचे, पुस्तक हातात कसं पडणार, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. विचारायला लोक संकोचतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

संदेश साधारण असा असावा : ‘मलप्रभेच्या काठच्या ११ कथा. खानापूर तालुक्यातल्या घरांतल्या, शिवारातल्या, बस स्टँडवरच्या. पानं १६०, छापील किंमत २५० रुपये. ओळखीच्या वाचकांना २००, टपालाने घरपोच २३०. याच नंबरवर पैसे पाठवा आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता कळवा. खानापूर आणि बेळगावात प्रत हातोहात मिळेल.’ इतकंच. पुरस्कारांची यादी, मान्यवरांचे अभिप्राय यात नकोत. ते मलपृष्ठावर शोभतात.

ग्रुपवर हा संदेश एकदाच टाका. त्यानंतरचं काम एकेकट्याला पाठवण्याचं आहे, आणि खरी विक्री तिथेच होते. ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीत) २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो संदेश पोचतो. बाकीच्यांकडे तो जातच नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही. म्हणून शाळेतले सोबती, भिशीतल्या बायका, नोकरीतले सहकारी, पुण्या-मुंबईला गेलेले गाववाले अशा छोट्या याद्या करा आणि प्रत्येकाला नावाने दोन ओळी लिहा. रोज दहा जण पुरे.

सोबत एक पूर्ण कथा पीडीएफमध्ये द्या. अर्ध्यावर तोडलेली कथा वाचून कुणी पुस्तक घेत नाही. पूर्ण वाचली आणि आवडली, तर घेतो. मुखपृष्ठ फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करतं आणि अक्षरं पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नव्हे. आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली बघा, वहीत नाव, तारीख, पत्ता लिहा, मगच पाकीट बांधा. ही वही जपून ठेवा. दुसरं पुस्तक येईल तेव्हा पहिला संदेश याच लोकांना जायचा आहे.

प्रश्न : किंमत किती ठेवावी? लोकांनी घ्यावं म्हणून १५० ठेवायचा विचार आहे. — एक शिक्षिका, वडगाव, बेळगाव

समजा, ३०० प्रतींना अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी सगळं धरून ३०,००० रुपये लागले. म्हणजे प्रत १०० रुपयांना पडली. किंमत १५० ठेवलीत आणि दुकानदाराने ४० टक्के मागितले, तर तुमच्या हाती ९० येतात. प्रत्येक विक्रीला १० रुपये तोटा, म्हणजे सगळ्या प्रती खपल्या तरी खर्च निघत नाही.

किंमत २५० ठेवली तर दुकानातून १५० मिळतात आणि स्वतः २०० ला विकता येतं. अभिप्राय, वाचनालयं, सहकार्य करणारे यांच्यासाठी ४० भेटप्रती बाजूला काढा. उरल्या २६०. त्यातल्या १०० हातोहात विकल्या की २०,००० सुटतात. राहिलेले १०,००० दुकानांतून साधारण ६७ प्रती खपल्यावर येतात. म्हणजे १६७ प्रतींत खर्च निघाला. छापील किंमत खर्चाच्या अडीचपट तरी असावी असं आमचं मत आहे. सवलत नंतर कधीही देता येते, छापलेली किंमत वाढवता येत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे तो हिशेब यात धरू नये.

भेटप्रतींबद्दल एक सांगायलाच हवं. नातेवाइकांना फुकट वाटू नका. ज्यांनी तुमच्या पुस्तकासाठी २०० रुपये मोजले, ते वाचतात आणि दुसऱ्यालाही सांगतात. बेळगावचं १८४८ सालचं सार्वजनिक वाचनालय, शहापूरचं सरस्वती वाचनालय अशा ठिकाणी मात्र एकेक प्रत स्वतः नेऊन द्या आणि पुस्तकावर चर्चेचा कार्यक्रम घेता येईल का, तेही त्याच भेटीत विचारा. वर्तमानपत्रांना अभिप्रायासाठी दोन प्रती आणि एका पानाचं परिचयपत्रक द्यावं. परिचय नुसता कोरडा असेल तर तो छापून येण्याची शक्यता कमी, पुस्तकातला एखादा प्रसंग त्यात असू द्या.

प्रश्न : सीमाभागातल्या साहित्य संमेलनांत पुस्तक विकायला बसावं का? तिथे गर्दी असते, पण विक्री होत नाही असं ऐकतो. — एक नवा कवी, बेळगाव

बसावंच. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी इथली संमेलनं ही आपल्या भागातली सगळ्यात मोठी पुस्तकपेठ आहे. बेळगाव शहरातल्या दुकानात वर्षभरात जितके मराठी वाचक तुमच्या पुस्तकाला हात लावतील, त्याहून जास्त एका दिवसात गावच्या मांडवात लावतील. ही संमेलनं बहुतेक हिवाळ्यात होतात, आणि तुमचं सगळं वेळापत्रक त्यावरून उलटं मोजायला हवं. डिसेंबरच्या मध्याला प्रती घरात हव्यात. दिवाळीच्या आधी छापखाने दिवाळी अंकांत, नंतर कॅलेंडरं आणि लग्नपत्रिकांत अडकलेले असतात. तेव्हा शेवटचं मुद्रितशोधन सप्टेंबरमध्ये संपवून फाइल छापखान्याकडे द्या. उन्हाळ्यात पुस्तक काढणाऱ्यांचं इथेच फसतं : प्रकाशनाचा उत्साह ओसरतो, पाऊस लागतो आणि संमेलनं येईपर्यंत पुस्तक जुनं होतं.

आयोजकांना महिनाभर आधी पत्र द्या, टेबल मिळेल का आणि त्याचं शुल्क आहे का ते लेखी विचारा. २५ ते ३० प्रती न्या. किंमत विक्रीसाठी २०० अशी गोल ठेवा, नाहीतर सुट्ट्या पैशांत वेळ जातो. तरीही ५० आणि १०० च्या नोटा खिशात असू द्या. क्यूआर कोड छापून टेबलावर चिकटवा, पण मांडवात गर्दी झाली की नेटवर्क अडतं, त्यामुळे रोख घ्यायची तयारी ठेवा.

सकाळी ग्रंथदिंडी आणि उद्घाटनाच्या वेळी फारसं कुणी थांबत नाही. विक्रीची वेळ दोनच : जेवणाची सुट्टी, आणि कथाकथन संपून कविसंमेलन सुरू व्हायच्या मधली पंधरा-वीस मिनिटं. नेमके तेव्हाच लेखक जेवायला किंवा व्यासपीठापाशी गप्पा मारायला गेलेले असतात. टेबलावर कुणालातरी बसवून आधी जेवून घ्या.

आलेल्या माणसाच्या हातात पुस्तक द्या आणि गप्प राहा. तो पान उघडतो, चार ओळी वाचतो. कवितासंग्रह असेल तर आवडती कविता कुठल्या पानावर आहे ते तेवढं सांगा. स्वतः कविसंमेलनात म्हणणार असाल, तर संग्रहातलीच कविता म्हणा आणि शेवटी संग्रहाचं नाव, टेबल कुठे आहे, एवढंच सांगा. पुस्तकावर सही करताना नाव विचारून लिहा. गावाकडच्या वाचकाला त्याचं अप्रूप असतं.

प्रश्न : निपाणीहून पुणे, मुंबई, गोव्याच्या वाचकांना पुस्तक स्वस्तात कसं पाठवावं? जुनी बुकपोस्ट रजिस्टर आता होत नाही म्हणतात. — एक लेखिका, निपाणी

बरोबर आहे, रजिस्टर्ड बुकपोस्ट, म्हणजे पुस्तकं सवलतीच्या दरात पाठवायची टपालसेवा, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, त्यावर कर. पाकिटाचा मागही काढता येतो. जमिनीवरच्या मार्गाने जातं, त्यामुळे वाचकाला चार-आठ दिवस लागतील असं आधीच सांगा.

वजनाकडे नीट लक्ष द्या. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदावरचं १६० पानी पुस्तक मुखपृष्ठासह सुमारे २१५ ग्रॅम भरतं. पाकीट आणि पुठ्ठा ४० ग्रॅम धरला तरी ३०० च्या आत बसतं. २०० पानांचं पुस्तक मात्र तेवढ्याच बांधणीत ३०० च्या काठावर येतं आणि एखादं पाकीट पुढच्या दरात जातं. पानं ठरवताना हे लक्षात घ्या : फर्मा (एकदम छापून घडी घातलेला ताव) १६ पानांचा असतो, त्यामुळे १७६ वर थांबणं बरं. पुस्तकात मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावंच लागतं, आणि पाकिटात खासगी चिठ्ठी घालू नये.

कोल्हापूर तुम्हाला बेळगावपेक्षा जवळ. तिथल्या दुकानांत ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर पाच-पाच प्रती ठेवा, पण किती प्रती, किती टक्के आणि हिशेब कधी, याची सहीची पावती घ्या. तीन महिन्यांनी स्वतः जा. न गेल्यास प्रती कोपऱ्यात पडून मळतात आणि परत घेण्याजोग्या राहत नाहीत.

प्रश्न : एका संस्थेने आयएसबीएन आणि ‘राष्ट्रीय पुरस्कार’ मिळून ७,००० रुपये मागितले. द्यावेत का? — एक वाचक, बेळगाव

नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या संकेतस्थळावर लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. छपाईच्या महिना-दोन महिने आधी करा. पैसे भरून मिळणारा पुरस्कार एकाही वाचकाला दुकानापर्यंत आणत नाही. त्याच पैशांत तुमची ७० प्रतींची छपाई होते. शिवाय पुस्तक स्वतः काढलंत की प्रकाशक तुम्हीच, त्यामुळे ग्रंथालयांना पुस्तकं देण्याबाबतच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवणंही तुमच्याकडे येतं.

प्रश्न : किंडलवर टाकावं का? — एक वाचक, चिकोडी

टाका, मराठी ई-पुस्तकं तिथे चालतात. मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फाँटमधली छापखान्याची फाइल तशीच चढवली तर अक्षरांचा गोंधळ होतो. ‘केडीपी सिलेक्ट’ (ई-पुस्तक फक्त किंडलवरच ठेवण्याची योजना) निवडलंत, तर ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे देता येत नाही, नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंतच मजकूर वाटता येतो. तेव्हा व्हॉट्सअॅपवर कथा पाठवण्याआधी तिची पानं मोजा : १६० पानांच्या पुस्तकात ती १६ च्या आत हवी.