गव्हाची वाट बघू नकोस

बाळा,

शालोम. तुझं पत्र वाचलं. नोकरीचं जमत नाही, मन थाऱ्यावर नाही, आणि अशात ओमेरचा, म्हणजे आपल्या पेसाह सणापासून रोज रात्री मोजायच्या 49 दिवसांतला, एक अख्खा दिवस मोजायचा राहिला. पुढे मोजू की सोडून देऊ, विचारतेस. मोज. नुसती रात्र चुकली असती तर दिवसाउजेडी बेराखा (मोजण्याआधीचं स्तुतिवचन) न म्हणता मोजून त्या रात्रीपासून बेराखेसकट पुढे जाता आलं असतं. तुझा दिवसही गेला, म्हणून आता बेराखा नाही. आकडा मात्र 49 पर्यंत रोज म्हणायचा.

पण आभार वाटतच नसतील तर मोजणं खोटं नाही का, असं लिहितेस तेव्हा मला तुझा राग येतो. यरुशलेमच्या मंदिरात पेसाहच्या दुसऱ्या दिवशी काय नेत असत? जव, ओमेर नावाच्या मापाने. गुरांचं खाणं! गव्हाच्या दोन भाकऱ्या थेट पन्नासाव्या दिवशी, शावुओत सणाला. म्हणजे गहू अजून शेतात उभा, तो हाती लागेल की नाही ठाऊक नाही, आणि तरी आधी जवाचे आभार. ते मानल्याशिवाय नव्या पिकाचा दाणा तोंडात घालायची मुभा नव्हती. गव्हाची वाट बघायचीच नाही.

आपल्या बेने इस्राएल ज्यूंकडे लग्न ठरलं, नवस फेडायचा झाला की एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा होतो. पोहे, ओलं खोबरं, फळं. करावाच. पण तो गहू घरात आल्यावरचा आनंद. ओमेर जवाचा.

मी तारे दिसले की उभा राहतो, बेराखा, आकडा, आणि मग त्या दिवसाची एक गोष्ट मोठ्याने. नळाला वेळेवर पाणी आलं, इतकीही चालते. हे शेवटचं हलाखात, आपल्या धर्मनियमांत, नाही, माझं आहे, आणि मी ते सोडणार नाही. वडिलांना माती देऊन आलो त्या रात्रीही मोजलं. कादीशला, म्हणजे मृतासाठी म्हणायच्या प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमली, असं म्हणालो. नातलगांना तो कोरडेपणा वाटला, काहींनी बोलूनही दाखवलं. आजही मला ते बरोबरच वाटतं. खंत वेगळीच आहे. वडील होते तोवर त्यांच्या तोंडावर असं काही म्हटलं नाही, मोठ्या प्रसंगाची वाट बघत राहिलो. म्हणून सारखं सांगतो, गव्हाची वाट बघू नकोस.

नोकरी लागली की मलिदा कर, ताटं लावायला मी येतो. आज आधी मोज. आणि दिवेलागणीला फोन करून 'आज कितवा?' विचारलंस तर मी कालचाच आकडा सांगेन. आजचा बेराखेआधीच तोंडातून गेला तर तेच मोजणं धरलं जाईल आणि माझी बेराखा जाईल.