जुन्या घरात हीट पंप बसवायचा तर सगळे रेडिएटर बदलावे लागतात का?

सगळे नाही. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारं यंत्र) लावताना बहुतेक घरांत काही बदलावे लागतात, आणि कुठले ते तुम्ही या थंडीत घरबसल्या, एक पेनी खर्च न करता शोधू शकता.

तुम्ही लिहिलंय की घर इंग्लंडमधल्या रेडिंगजवळचं, १९३०च्या सुमाराचं सेमी-डिटॅच्ड आहे, कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय नळाचं आणि रेडिएटरचं दोन्ही पाणी तापवणारा) आता थकलाय, आणि एका इन्स्टॉलरने घर न बघता फोनवरच सांगितलं की सगळे रेडिएटर काढा, नाहीतर अंडरफ्लोअर, म्हणजे फरशीखालचं हीटिंग, टाका. आम्ही तशाच घरात राहतो. आमचा हीट पंप जुन्याच पाइपांवर आणि निम्म्याहून जास्त जुन्याच रेडिएटरांवर चालतोय.

सगळं गणित रेडिएटरमध्ये जाणारं पाणी किती गरम आहे यावर फिरतं. गॅस बॉयलर बहुतेक घरांत ७० डिग्रीच्या आसपास लावलेला असतो. हीट पंपही तेवढं पाणी तापवू शकतो (नवी मॉडेल्स तर सहज), पण मग तो वीज खातो. पाणी एकेक डिग्रीने कमी केलं की साधारण दोन-अडीच टक्के वीज वाचते. म्हणून ४५ ते ५० डिग्रीत घर ऊबदार राहिलं पाहिजे.

आता रेडिएटरच्या कॅटलॉगमध्ये जे वॅट छापलेले असतात ते रेडिएटर खोलीपेक्षा सरासरी ५० डिग्रीने जास्त गरम आहे असं धरून. पाणी ४५ने आत गेलं, ४०ने बाहेर आलं आणि खोली २० डिग्री असली, तर फरक उरतो साडेबावीस, आणि मिळणारी उष्णता छापील आकड्याच्या जेमतेम ३५ टक्के. एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर उंच, एकाच पत्र्याचा रेडिएटर (दुकानात त्याला के-१ म्हणतात) कागदावर हजारेक वॅटचा असतो. तो इथे साडेतीनशे वॅट देतो. छोट्या बेडरूमला एखाद्या वेळी पुरतील, बे विंडोवाल्या हॉलला नाही. त्याच मापाचा दोन पत्र्यांचा के-२ लावला की उष्णता पावणेदोन पट होते, भिंतीवर लांबी-उंची तेवढीच लागते आणि पाइपांची जागा फारशी हलत नाही. आम्ही बसायच्या खोलीत आणि मागच्या बेडरूममध्ये हेच केलं. बॉक्स रूम आणि जिन्याखालच्या रेडिएटरला हातही लावला नाही.

तर प्रयोग असा. बाहेर शून्याच्या आसपास असेल असे दोन-तीन दिवस निवडा. बॉयलरवर दोन बटणं असतील, एकावर नळाचं चित्र, एकावर रेडिएटरचं. रेडिएटरचं ५० वर आणा आणि हीटिंग सकाळ-संध्याकाळ न लावता दिवसभर चालू ठेवा. रेडिएटरचे व्हॉल्व्ह सगळे उघडे. ज्या खोल्या ऊबदार राहतील तिथले रेडिएटर पुरेसे आहेत. जी खोली गारठेल, तिथला बदला. (हे वाचणाऱ्या कोणाकडे कॉम्बी नसून गरम पाण्याची टाकी असेल, तर बॉयलर ५० वर कायमचा सोडू नका, टाकीतलं पाणी ६० पर्यंत जायला हवं, नाहीतर लिजिओनेला या आजार पसरवणाऱ्या जिवाणूंचा धोका.) हीट पंप घ्या न घ्या, कॉम्बीला कमी तापमान मानवतं आणि गॅसचं बिलही उतरतं.

सवय मात्र बदलावी लागते. सासूबाई नाशिकहून आल्या तेव्हा पहिल्याच सकाळी रेडिएटरला हात लावून म्हणाल्या, "अगं, हा बंद पडलाय." खोली २० डिग्री होती, रेडिएटर कोमट. त्यावर मोजे वाळत घालायचे दिवसही गेले. आणि दिवसातून दोनदा तासभर भट्टी पेटवायची जुनी पद्धत इथे चालत नाही; पंप मंद आणि सलग चालू द्यायचा. बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप बदलणारं वेदर कॉम्पेन्सेशन इन्स्टॉलरकडून नक्की चालू करून घ्या.

रेडिएटरपेक्षा मला तुमच्या पाइपांची जास्त काळजी वाटते. सत्तर-ऐंशीच्या दशकात कोणी घरात ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक तांब्याचे पाइप टाकून गेलं असेल, तर त्यातून हीट पंपाला लागतं तेवढं पाणी जाईलच असं नाही. रेडिएटरला खाली जोडलेला पाइप करंगळीहून बारीक दिसला तर आधीच विचारा. शिवाय कॉम्बीवाल्यांकडे टाकी नसते, ती नव्याने लागते. चौघांच्या घराला दोनशे लिटरच्या आसपासची धरा. आमचं एक कपाट त्यात गेलं.

पैशांचं खरं सांगते. इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट पडतं. एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळाली तर बिल गॅसएवढं किंवा थोडं जास्तच, चारच्या जवळ गेलात तर बचत. तीन आणि चार यांतला फरक बहुतेक वेळा चार-पाच मोठ्या रेडिएटरांचा असतो, म्हणून तिथे काटकसर करू नका. हीट पंपवाल्यांसाठीचे विजेचे वेगळे दर आहेत तेही बघा, आणि गॅस पूर्ण तोडलात तर त्याचा रोजचा स्थिर आकार वाचतो.

इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी अनुदान योजनेतून ७,५०० पौंड मिळतात. अर्ज एमसीएस (अशा उपकरणांच्या इन्स्टॉलरना प्रमाणपत्र देणारी व्यवस्था) प्रमाणित इन्स्टॉलरच करतो आणि रक्कम बिलातून वजा होते. मे २०२५पासून इंग्लंडमध्ये बाहेरचं युनिट शेजाऱ्याच्या हद्दीपासून मीटरभर लांब हवं हा नियमही गेला, आवाजाची मर्यादा मात्र आहे.

फोनवाल्याला सोडा. जो खोलीखोलीत टेप घेऊन फिरेल, भिंती पोकळ की भरीव ते बघेल, माळ्यावर चढून इन्सुलेशन मोजेल, त्यालाच कोटेशन द्यायला सांगा, आणि बाहेर उणे दोन-तीन असताना पाणी किती डिग्रीचं लागेल हे त्यात लिहून घ्या. आकडा ५० च्या वर असेल तर कुठल्या खोलीमुळे ते विचारा.