सांगलीकडे लहान गावात पोरांना फुटबॉल शिकवायचा असेल, तर कोचचं रोजचं काम नेमकं काय असतं?

तुम्ही विचारलंय की तासगावात वीसेक पोरं गोळा झाली आहेत, शाळेचं मैदान मिळतंय, तुम्ही स्वतः कॉलेजात खेळलेले आहात. आता कोच म्हणून रोज काय करावं लागेल आणि गाडी कुठे अडते? सांगली-मिरजेकडच्या हिशोबानं सांगतो, तासगावला फार वेगळं नसेल.

शिकवणं हा दिवसातला दीड तास. बाकीचा सगळा वेळ मैदान, चेंडू आणि पोरं एका वेळी एका जागी आणण्यात जातो. ते जमलं तर साधा कोचसुद्धा चांगली टीम उभी करतो. नाही जमलं, तर मोबाइलवर बघितलेली परदेशी ड्रिल तशीच मोबाइलमध्ये राहतात.

मैदानापासून सुरू करा, कारण ते तुमचं एकट्याचं कधीच नसतं. पहाटे पोलीस भरतीची पोरं गोल पळत असतात, वयस्कर मंडळी चालायला येतात, उजाडलं की क्रिकेटवाले मधली पट्टी धरतात. पहिल्याच दिवशी या तिघांशी जाऊन बोला. कडेनं चार-पाच मीटरची पट्टी पळणाऱ्यांना आणि चालणाऱ्यांना सोडा आणि गोलपोस्ट अशी लावा की हुकलेला चेंडू भिंतीकडे जाईल, चालणाऱ्यांकडे नाही. एखाद्या आजोबांच्या पाठीत चेंडू बसला की दुसऱ्या दिवशी अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर असतो. भरतीच्या पोरांशी जमवून घेतलंत तर तुमचाच फायदा होतो. ती रोज वेळेवर येतात आणि बघून बघून तुमची पोरंही वेळेवर यायला लागतात.

सराव सुरू होण्याआधी पाच मिनिटं सगळ्या पोरांना हाताच्या अंतरावर एका ओळीत उभं करून या गोलपासून त्या गोलपर्यंत चालवा, बादली बरोबर घेऊन. बाटलीच्या काचा, गुटख्याच्या पुड्या, दगड निघतात. लग्न किंवा सभा होऊन गेली असेल तर मांडवाचे खिळे, बांधायची तार आणि बांबूचे खड्डे. वीतभर रुंदीचा हा खड्डा गवतात दिसत नाही. पळताना पाय आत गेला की घोटा जातो, कधी गुडघाही. तो सुट्या मातीनं भरू नका, पहिल्या पावसात माती खाली बसते आणि खड्डा परत तयार होतो. अर्धा मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, मग वरचा अर्धा टाकून परत ठोकायचं. मैदान भाड्यानं देणाऱ्यांना मांडववाल्याकडून खड्डे भरून घेण्याची अट आधीच घालायला सांगा. नंतर कोणी फोन उचलत नाही.

आपल्याकडे काळी माती असेल तर पावसाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान घाईनं होतं. ओल्या मैदानावर खेळलं की पायांचे ठसे उमटतात, ऊन पडलं की ते विटेसारखे वाळतात आणि पुढचे दोन महिने घोटे मुरगळत राहतात. शेतात लावतो तोच नियम इथे लावा, वाफसा येऊ द्या. मुठीत माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर मैदानावर जायला हरकत नाही, चिकटून राहिला तर त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पासिंग घ्या. ठसे उमटलेच, तर वाफशावर असतानाच फळी किंवा मैंद फिरवायचा. वाळल्यावर रोलरचा उपयोग नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की नदीजवळच्या खोलीत ठेवलेलं सामान उचलायची वेळ झालेली असते, ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. पुराचं पाणी उतरल्यावर गाळात काचा, पत्रे, कधी सापही असतो. मैदान धुऊन, वाळून, तपासून झाल्याशिवाय अनवाणी पोरांना, विशेषतः पायाला जखम असलेल्यांना, अजिबात उतरवू नका. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, लागण अशाच पाण्यातून होते.

रेषा मारायला फक्की वापरा, भाजका चुना नको. ओल्या गुडघ्याला किंवा डोळ्यात गेला तर भाजतो. काटकोन नजरेनं धरला की मैदान तिरकं येतं. १२ मीटरची दोरी घ्या, ३ आणि ७ मीटरवर खूण करा, दोन्ही टोकं एकत्र बांधा. तिघांनी गाठीपाशी आणि दोन खुणांपाशी धरून ताणली की ३-४-५ चा त्रिकोण होतो. ३ आणि ४ मीटरच्या बाजू मिळतात तो कोपरा बरोबर काटकोन. बारा वर्षांखालच्या पोरांना साधारण ५० बाय ३० मीटर आणि सात-सात जण पुरे. गोल १२ फूट रुंद, ६ फूट उंच ठेवा. ७.३२ बाय २.४४ मीटरच्या मोठ्या गोलमध्ये दहा वर्षांचा गोलकीपर वरचा दांडा शिवूही शकत नाही. मग सगळी पोरं लांबून उंच मारायला शिकतात आणि पास मरतो.

गोलपोस्टबद्दल मी कोणाचंच ऐकत नाही. उचलून ठेवायचे पाइपचे गोल मागच्या दांड्यावर वाळूची पोती टाकून किंवा खुंट्या ठोकून पक्के केल्याशिवाय एकही पोर जवळ जाणार नाही. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात, गोल पुढे येतो आणि दांडा डोक्यात बसतो. यात जगभर मुलं मेली आहेत. जाळी लोखंडी हुकांना अडकवू नका, सुतळीनं किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधा. हुकात बोट अडकतं. आणि गोल म्हणून विटा ठेवणं आजपासून बंद.

चेंडू. आठ ते बारा वर्षांना चार नंबर, त्यापुढे पाच नंबर. पाच नंबरचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि हवा ८.५ ते १५.६ पीएसआय. पोरांसाठी खालच्या टोकाची हवा ठेवा, दगडासारखा फुगवलेला चेंडू छातीवर घ्यायला कोणी तयार होत नाही. मुरमावर शिलाईचा महागडा चेंडू लवकर सोलतो, म्हणून सरावाला रबरी मोल्डेड आणि मॅचला वेगळे दोन. सुई कोरडी घालू नका, पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बुडवून सरळ घाला. बहुतेक चेंडू पंक्चरनं नाही, व्हॉल्व्ह फाटून वाया जातात. वीस पोरांना किमान दहा चेंडू हवेत. कमी असतील तर पोरं वाढवायच्या आधी चेंडू वाढवा.

याचं कारण हिशोबात आहे. वीस पोरं एका रांगेत उभी करून शूटिंग घेतलं आणि प्रत्येकाला आठ सेकंद लागले, तर एक फेरी १६० सेकंदांची. वीस मिनिटांत एका पोराच्या वाट्याला सात शॉट. बाकी वेळ रांगेत ढकलाढकली. तीच वीस पोरं दोन-दोनच्या जोडीनं दहा चेंडूंवर आठ मीटर अंतरानं पास देत असतील, तर पाच मिनिटांत प्रत्येकाचा पाय पन्नासच्या वर वेळा चेंडूला लागतो. म्हणून माझा साचा असा: १५ मिनिटं चेंडूसह वॉर्म-अप, २० मिनिटं एकच कौशल्य, २० मिनिटं तेच कौशल्य विरोधी खेळाडू समोर ठेवून, मग अर्धा तास चार विरुद्ध चार मॅच. दोन छोटी मैदानं आखली की चौघे उरतात. त्यांना बाजूला दोन-दोन खेळवायचं आणि दर सहा मिनिटांनी अदलाबदल करायची. नुसते मैदानाला राउंड मारायला लावणं सोडा, दम मॅचमध्येच येतो. मॅच चालू असताना बाहेरून "मार, मार" ओरडू नका, पालकांनाही ओरडू देऊ नका. पोर चेंडू पायात आल्यावर वर बघायचं सोडून कोचकडे बघायला लागतं.

एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाला सुरू, आठला बंद. दर पंधरा मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ अंदाजे टाकू नका. पोर असंबद्ध बोलायला लागलं किंवा अंग तापलेलं असून घाम थांबला, तर सावलीत नेऊन ओलं करायचं आणि थेट दवाखान्यात. संध्याकाळच्या सरावाला वळवाचा धोका. गडगडाट ऐकला की सगळे पक्क्या इमारतीत, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबल्याशिवाय मैदानावर परत यायचं नाही.

बुटांबाबत घरच्यांशी बोलावंच लागतं. "पुढच्या वर्षी पण होतील" म्हणून एक नंबर मोठा घेतात. पाय आत सरकतो, फोड येतात, अंगठ्याचं नख काळं पडतं आणि पोर खेळायचं सोडतं. मुरमावर आखूड रबरी स्टडचे बूट घ्या, स्क्रूचे स्टड नकोत. अनवाणी पोरं आणि स्टडवाली पोरं एकाच मॅचमध्ये कधीही मिसळू नका. मॅचला शिनगार्ड (नडगीवर बांधायचं कवच) नियमानंच सक्तीचे आहेत, ते सरावातही घालायला लावा.

घोटा मुरगळला तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, पट्टी, पाय उंच. पहिले दोन-तीन दिवस तेल-मालिश नाही, कोणाकडे नेऊन ओढून बसवणं नाही. घरून हाच आग्रह होतो, म्हणून आईला किंवा आजीला समक्ष सांगा. टेकताच येत नसेल तर एक्स-रे. डोक्याला मार लागून गरगरलं, तर त्या दिवशी परत उतरवायचं नाही, फायनल असली तरी.

कागदपत्रांकडे सगळे उशिरा वळतात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात, सुब्रतो कप या देशपातळीवरच्या शालेय फुटबॉल स्पर्धेचे गट वेगळे. दोन्ही नेमक्या पावसाळ्यात सुरू होतात. शाळेचं जनरल रजिस्टर, जन्मदाखला आणि आधार यांतली जन्मतारीख व नावाचं स्पेलिंग मे महिन्यातच जुळवून घ्या. जुलैमध्ये दुरुस्ती वेळेत होत नाही आणि आक्षेप आला की चांगला खेळाडू बाहेर बसतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा संघ वेगळा आणि उरलेल्या जिल्ह्याचा वेगळा जातो, तासगावची शाळा दुसऱ्यात येईल. पुढे कोल्हापूर विभाग. तिथे कोल्हापूरच्या पोरांशी गाठ पडते. त्यांच्याकडे पेठापेठांत तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या मॅच बघत ती वाढतात. पहिल्या वर्षी तिथे हरलात तर मन मोडू देऊ नका. त्याऐवजी वर्षातून तीन-चार वेळा पोरांना एसटीनं कोल्हापूरला नेऊन मॅच दाखवा, दोन मैत्रीच्या मॅच खेळवा. पासष्ट-सत्तर किलोमीटरचा प्रवास आहे, एका दिवसात होतो. तुमच्यासाठी ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचा ई किंवा डी लायसन्सचा, म्हणजे सुरुवातीच्या पायरीवरच्या कोचिंगचा, कोर्स करा. खेळलेलं असणं आणि शिकवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

माणसांचं काम सगळ्यात नाजूक. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याचं नाव घेऊन पालक विचारतात, "सर, आमचा कधी?" खोटी आशा लावू नका आणि क्रीडा गुणांचं आमिषही दाखवू नका. पोर तीन महिन्यांत काय शिकलं ते नेमकं सांगा: डावा पाय वापरतो, पास दिल्यावर थांबत नाही. दहावीचं पोर दिवाळीनंतर बंद होतं. त्याला आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास अशी सूट दिली तर बरेचजण टिकतात. गणपतीत ढोल-लेझीमच्या सरावाशी भांडू नका. ते दहा-पंधरा दिवस सराव सकाळी घ्या.

मुलींची बॅच सुरू करायची असेल, आणि करावीच, तर वेळ अशी ठेवा की सगळ्या उजेडात घरी पोचतील. कपडे बदलायला बंद होणारी खोली आणि चालू स्वच्छतागृह आधी बघा, सामान नंतर घ्या. एक आई किंवा शिक्षिका रोज मैदानावर हवी. कुठल्याही मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर एकट्यानं थांबायचं नाही, मेसेज फक्त पालकांच्या ग्रुपवर. हा नियम पहिल्या सभेत मोठ्यानं सांगा.

वाढदिवसाला केक येतो, क्रीम मैदानावर सांडतं, पोरं घसरतात. केळी किंवा राजगिऱ्याचे लाडू आणायला सांगा, पालक आनंदानं आणतात.

स्पर्धा भरवलीत तर उद्घाटनाचा क्रम आधी ठरवा. पाहुणे उशिरा येतात, पोरं वॉर्म-अप करून पाऊण तास उन्हात उभी राहतात आणि पहिल्या दहा मिनिटांत कोणाची तरी मांडी भरते. मॅच वेळेवर सुरू करायची, शाल-श्रीफळ हाफटाइमला. पाहुण्यांना हे आदल्या दिवशी समक्ष जाऊन सांगितलं तर कोणी रागावत नाही. रेफरीचं मानधन मॅचच्या आधी पाकिटात द्या. निकालानंतर दिलं तर हरलेली बाजू त्यावर बोट ठेवते.

बाहेरगावी जाताना एका पिशवीत पात्रतेचे फॉर्म आणि झेरॉक्स, पालकांची संमतीपत्रं, पट्टी, बर्फाची पिशवी, पंप, दोन सुया, जादा लेस आणि गूळ-शेंगदाणे. पोरांची मोजणी तीनदा: एसटीत चढताना, स्टँडवर उतरल्यावर आणि परतीला निघताना. मोजणी डोक्यांची नाही, नावानं करा. दुसऱ्या संघाचं एखादं पोर आपल्यात उभं असतं आणि आकडा बरोबर येतो.